मालकिणीभोवती फेरी

वाटणी झाल्यापासून आत्याने या घराची पायरी चढली नव्हती. दोघे भाऊ एका तोंडाने बोलावतील तेव्हाच येईन, असं तिने बजावून ठेवलं होतं. दोघे भाऊ तर एकमेकांशीच बोलत नव्हते, त्यामुळे तिचं येणं लांबलं ते लांबलंच. म्हणून त्या दिवशी न बोलावता ती टेंपोतून उतरली, हातात चिकूची पिशवी आणि कपाळावर आठ्या, तेव्हा थोरलीने हातातला साचा खाली ठेवला.

थोरली म्हणजे थोरल्या भावाची, दादाची बायको. कारखान्याच्या पडवीत ती ठोकळे साच्यातून काढत बसली होती. झाडांचा चीक आणायचा, भट्टीवर आटवायचा, साच्यात ओतून ठोकळे पाडायचे आणि चघळायच्या गोळ्या करणाऱ्यांना द्यायचे, हा या घराचा तीन पिढ्यांचा धंदा. आत्याने तिच्यापुढे पिशवी उपडी केली. मोठे, तांबूस, एकसारखे चिकू जमिनीवर गडगडले.

"हे मालकिणीचे ना?"

"मालकिणीचेच, आत्याबाई. आवडले नाहीत?"

"आवडले. तेच तर वाईट झालं," आत्या म्हणाली आणि थोरलीने दिलेलं पाणी न पिताच बागेकडे निघाली.

थोरलीला काही उमगेना. यंदा मालकिणीने दिलं तसं फळ तिने इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. फांद्या वाकून जमिनीला टेकायला आल्या होत्या. एरवी चिकूत रवाळपणा असायचा, यंदा नुसता लोण्यासारखा गर आणि गोडी अशी की दुसरा खाताना घसा धरावा. दादा येईल त्याला एक फोड कापून देत होता आणि वर म्हणत होता, झाडाला हात लागतो त्याचा फरक असतो. कुंपणापलीकडे त्याचा धाकटा भाऊ येईल त्याला हेच सांगत होता. या भावाला मिशा पिकल्या तरी सगळे बाळच म्हणत. दोन्ही घरांतून आत्याकडे एकेक करंडी गेली होती, अर्थातच एकमेकांच्या नकळत.

मालकीण हे झाडाचं नाव. आजोबांनी लावलेलं पहिलं झाड ते, आणि बागेतली बाकीची सगळी तिचीच कलमं, म्हणजे लेकी-नातीच. या घरातल्या पुरुषांना कोणी विचारलं की बागेचे मालक कोण, तर ते थट्टेने तिच्याकडे बोट दाखवत. पण थट्टा म्हणण्यासारखं त्यात फारसं नव्हतं. दोघांच्या कवेत न मावणारा बुंधा, वर छत्रीवर छत्री धरावी तशा फांद्या, आणि पान इतकं दाट की खाली भर दुपारी दिवा लावावासा वाटे. तिचा चीक पांढराशुभ्र. इतर झाडांचा आटताना काळवंडे, फुटे. मालकिणीचा चीक त्यात तांब्याभर घातला की सगळा घाणा एकजीव होऊन तार धरायचा. थोरली लग्न होऊन आली तेव्हा तिला भट्टीच्या धुराने रडू यायचं. सासऱ्यांनी तिला या झाडाखाली बसवून सांगितलं होतं, की पोरी, हिच्या जिवावर आपण सगळे आहोत, तेव्हा रडायचं तर हिच्याखाली बसून रडत जा. तेव्हापासून थोरली रडायला तिथेच जायची. हसायलाही.

वाटणीत सगळं वाटलं गेलं. भट्ट्या दोन होत्या, त्या दोघांना गेल्या. घराच्या मधोमध भिंत आली, बागेतून तारेचं कुंपण आलं. मालकीण मात्र नेमकी मध्ये आली आणि तिला कोणालाच सोडवेना. शेवटी पंचांनी तोडगा काढला, की ही बाजू याची, ती बाजू त्याची. तार बुंध्याच्या एका अंगाला येऊन थांबली आणि दुसऱ्या अंगाने पुढे निघाली.

त्या बुंध्यापाशीच थोरली आणि बाळची बायको, धाकटी, रोज भेटायच्या. एक अलीकडे, एक पलीकडे, मध्ये मालकीण. नवऱ्यांचा अबोला असला म्हणून आपण का तोंड शिवून घ्यायचं, असा दोघींचा सवाल होता. पोरांची लग्नं, गुडघ्यांची दुखणी, नव्या पडद्यांचं कापड, सगळं बोलणं व्हायचं. फक्त एक बंधन दोघींनी घालून घेतलं होतं. कामाचा विषय काढायचा नाही. भट्टी, चीक, झाडं, गिऱ्हाईक, यातलं अवाक्षर नाही. भांडण तिथूनच सुरू झालं होतं, आणि आपल्यात ते शिरू द्यायचं नाही हे दोघींनी ठरवलं होतं. त्या बंधनाचा थोरलीला मनातून फार अभिमान होता.

आत्या बुंध्यापाशी पोचेपर्यंत कुंपणाच्या दोन्ही बाजूंना माणसं जमली होती. दादा भट्टीवरून तसाच आला होता, ढवळायचा लाकडी डाव हातात. पलीकडे बाळ कमरेचा दोर न सोडताच झाडावरून उतरला होता. दोघांनीही आत्याकडे बघितलं, एकमेकांकडे नाही. आत्या म्हणजे त्यांच्या वडिलांची धाकटी बहीण. शहराबाहेर तिची रोपवाटिका होती आणि सत्तरी उलटली तरी तिथल्या माणसांना ती पळता भुई थोडी करत असे. तिच्यापुढे दोघेही अजून चड्डीतले पोरगेच होते.

दादाने हसून विचारलं, की आत्या, पहिलं बक्षीस द्यायला आलीस की काय. आत्याने चष्मा नाकावर चढवला, दादाच्या बाजूचा बुंधा खालपासून वरपर्यंत न्याहाळला. नागमोडी खाचा पायथ्यापासून पहिल्या फांदीपर्यंत गेल्या होत्या. गेल्या ओल्या हंगामातल्या, ताज्याच म्हणायच्या.

मग तिने साडीचा पदर खोचला आणि तारेत पाय घातला.

थोरली धावली. बाई जाडजूड, तार काटेरी. एका बाजूने थोरलीने तार दाबून धरली, पलीकडून धाकटीने वरची तार उचलली, आणि आत्या कण्हत, शिव्या घालत, पोलक्याची बाही फाडून घेत पलीकडे गेली. बाळच्या बाजूचा बुंधा तिने तसाच न्याहाळला. मग दुसऱ्या अंगाच्या तारेतून पुन्हा अलीकडे आली. मालकिणीभोवती एक फेरी पूर्ण झाली. वाटणीनंतर अशी फेरी कोणीच मारली नव्हती, हे थोरलीच्या तेव्हा लक्षात आलं. कोण मारणार? कुंपण ओलांडायचं कोणी?

आत्या खाली बसली. दम लागला होता तिला, पण ती दमली म्हणून बसली नव्हती.

"बाळ, तू कधी चीक काढलास हिचा?"

"गेल्या हंगामात. माझ्या बाजूचा."

"आणि तू, दादा?"

दादाच्या हातातला डाव खाली आला. काय झालंय हे त्या एका क्षणात सगळ्यांनाच कळलं, कारण या घरातलं शेंबडं पोरही हा नियम जाणत होतं. एका वेळी अर्ध्या बुंध्यालाच खाचा द्यायच्या. उरलेल्या अर्ध्याला कोयता लावायचा नाही, जखमा भरून येईपर्यंत, वर्षानुवर्षं. सासरे होते तेव्हा कोणती बाजू केव्हा, हे तेच ठरवत. पंचांनी बाजू वाटून दिल्या, पाळी ठरवायची राहून गेली. दोघांनी एकाच हंगामात आपापली बाजू कापली होती, आणि दोघांच्या खाचा दोन्ही अंगांना, अगदी कुंपणाच्या तारेपाशी, एकमेकींना जाऊन भिडल्या होत्या.

"नुसत्या भिडल्या असत्या तरी वाचली असती," आत्या म्हणाली. "पण इतक्या खोल कशाला घातल्यात? लाकडाला लागलात की रे."

बाळ म्हणाला, की चीकच येत नव्हता. थेंब थेंब. म्हातारी झाली असेल, सालीत खोल गेला असेल चीक, असं वाटलं. म्हणून जरा जोर लावला.

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. धाकटी तिच्याकडेच बघत होती.

"ताई, तुम्हालाही कमी पडला होता?"

"निम्माच आला होता गं. तुम्हाला?"

"निम्माच."

एका झाडाचं दूध दोन बाजूंनी निघत होतं आणि दोन्हीकडे निम्मं पडत होतं, आणि दोन्ही घरांनी झाडाला चिक्कू ठरवून कोयता आणखी आत घातला होता. रोज याच बुंध्याला टेकून त्या दोघी पडद्यांच्या कापडावर बोलत होत्या. गेल्या हंगामात एकदा जरी आपण म्हटलं असतं, की अगं, यंदा चीक कमी आहे, तर? थोरलीला आपल्या त्या बंधनाची शिसारी आली.

आत्याने मग सगळं सांगितलं, रागावून नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. पानं अन्न करतात, ते सालीतून खाली मुळांना जातं. साल चहूकडून तुटली की ते वरच अडकतं आणि फळात उतरतं. म्हणून यंदा इतकं फळ, इतकं गोड. वर समारंभ चाललाय आणि खाली मुळं उपाशी मरताहेत. आपण करंडी उघडली, एक चिकू खाल्ला, आणि दुसरा हातात घ्यायच्या आत टेंपोवाल्याला हाक मारली, असं ती म्हणाली.

"मरताना सुद्धा देऊनच चाललीय," धाकटी म्हणाली आणि तिला हुंदका आवरेना.

आता भांडण होणार होतं ते झालं. इतक्या दिवसांत भाऊ पहिल्यांदा बोलले ते आत्याच्या तोंडून. याला सांग की पाळी माझी होती. त्याला सांग की थोरला म्हणून पाळी मिळत नसते. याला विचार, खाच घालताना दुसऱ्या बाजूला डोकावायला काय झालं होतं? त्याला विचार, त्याने डोकावलं होतं का? आत्या दोघांचं ऐकत होती, निरोप मात्र एकाचाही पोचवत नव्हती. शेवटी ती म्हणाली, की तुमचं चालू द्या, मला काम आहे. आणि तिने उठून कुंपणाच्या खांबाला हात घातला.

"आत्या, ते कुंपण पंचांनी घातलंय," दादा म्हणाला.

"मग पंचांना बोलाव धरायला. झाडाभोवती मोकळी जागा हवी मला."

खांब हलेना. थोरली पुढे झाली. आपण नवऱ्याच्या विरुद्ध जातोय हे तिला ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं. पलीकडून धाकटी आली. तिच्या नवऱ्याने तिला नावाने हाक मारून थांबवलं, तिने मागे वळूनही पाहिलं नाही. तिघींनी मिळून तो खांब उपटला, मग पुढचा, मग त्यापुढचा. दोघे भाऊ दोन बाजूंना बघत उभे राहिले. तार जमिनीवर पडली तेव्हा त्यांच्यामध्ये अडवायला काहीच उरलं नाही, आणि दोघेही जरा मागे सरकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेंपो परत आला तो चिकूची रोपं घेऊन. काठीएवढी जाड, कंबरेएवढी उंच, आत्याने बियांपासून वाढवलेली. लावणीआधी तिने झाडावरचं सगळं फळ उतरवायला लावलं, कच्चं-पक्कं सगळं. बाळ झाडावर चढून तोडत होता. मग बुंध्याला खेटून खड्डे काढले, चार दादाच्या बाजूला, चार बाळच्या. रोपं लावायची, वाकवून बुंध्याला टेकवायची, आणि जखमेच्या वर, जिथे साल शाबूत होती तिथे, झाडाची साल आणि रोपाची साल सोलून एकमेकींवर घट्ट बसवायची. याला भेटकलम म्हणतात. सांधा जुळला तर पानांचं अन्न या रोपांच्या मुळांत उतरेल, आणि हीच मुळं तिला पाणी पाजतील. जुनी मुळं गेली तरी मालकीण नव्या पायांवर उभी राहील.

"आणि जुळला नाही तर?" थोरलीने विचारलं.

"तर तुझा नवरा आणि तुझा दीर, दोघे मिळून तिचं सरपण फोडतील. तेवढ्यासाठी तरी एकत्र येतील."

आत्याचा सुरा कसा चालत होता ते बघत राहावं. चष्मा दोरीला लटकलेला, मनगट हलत नव्हतं, आणि साल निघत होती ती बटाट्याच्या सालीसारखी पातळ, लांब, एका रेषेत. चीक पाझरला की ती ओल्या फडक्याने टिपायची, थांबायची, पुन्हा टिपायची, आणि तो पुरता थांबल्यावरच सांधा बसवायची. घाई करू नका, असं सांगत नव्हती. घाई करणाऱ्याकडे नुसतं बघत होती. थोरलीला वाटलं, हिच्या हाताखाली आपण दगड असतो तरी जुळलो असतो.

सांध्यावर लेप हवा होता, पाणी आत जाऊ नये म्हणून. तो म्हणजे दादाचाच आटवलेला चीक. दादाने कढई भट्टीवरून आणली आणि आपल्या बाजूला लेप द्यायला स्वतःच बसला. आत्या तेव्हा बुंध्याच्या पलीकडे होती. कढईतून वाफ येत होती.

"अहो, निवू द्या जरा," थोरली म्हणाली. गप्प बसायचं नाही एवढं तरी ती कालपासून शिकली होती.

"चीक गरमच चिकटतो. मला भट्टीचं शिकवू नकोस."

त्याने डोळ्यांत पाणी आणून, एकेका सांध्यावरून बोट फिरवत, लेप दिला आणि वर पट्टी बांधली. इतक्या मायेने त्याने पोरांच्या गुडघ्यांनाही कधी औषध लावलं नव्हतं. थोरलीला पुढे बोलवेना. पलीकडे धाकटीने आपल्या वाटीत चीक घेतला, बोट घालून बघितलं, पोळलं, आणि निवेपर्यंत वाटी मांडीवर घेऊन बसून राहिली.

पुढचे दिवस कसे गेले हे थोरलीलाच माहीत. रोज सकाळी ती झाडाखाली जायची आणि आधी वर बघायची. मालकिणीची पानं पिवळी पडली, मग गळायला लागली. ज्या झाडाखाली दिवा लावावासा वाटे तिथे ऊन पडायला लागलं. दादा जेवेनासा झाला. भट्टी लागायची, पण घाणा फुटायचा, ठोकळे भुसभुशीत निघायचे, आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. तो आपल्या चार रोपांना पाणी घालायचा, बाळ आपल्या चारांना. खांब उपटलेले खड्डे अजून तसेच होते. दोघेही त्यापलीकडे पाऊल टाकत नव्हते.

आत्या पुन्हा आली तेव्हा सगळे न सांगता जमले. आधी ती दादाच्या बाजूला बसली. पहिल्या रोपाची पट्टी सोडली आणि नखाने सांधा खरवडला. आत काळं होतं. दुसरा काळा, तिसरा काळा. चौथ्याला हात लावताच रोप बुंध्यापासून सुटून तिच्या हातात आलं.

"भाजलीत रे," ती म्हणाली. "सगळी भाजलीत."

दादा उभाच होता. थोरलीने त्याचा दंड धरला.

आत्या पलीकडे गेली. पट्टी सोडण्याचा आवाज आला, एकदा, मग आणखी तीनदा. थोरलीला तिचं तोंड दिसत नव्हतं, फक्त धाकटीचं दिसत होतं, आणि धाकटी रडत होती. तेवढ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता.

"धरलीत," आत्या पलीकडून म्हणाली. "चारही. दादा, बाळच्या बाजूला ये नि वर बघ."

दादाने दंड सोडवून घेतला आणि खांबाच्या खड्ड्यावरून ढांग टाकून पलीकडे गेला. थोरली मागोमाग गेली. बाळच्या बाजूच्या एका खालच्या फांदीच्या टोकाला कोवळी पानं फुटली होती, इतकी लहान की थोरलीला ती शोधावी लागली.

आत्याला खोटं बोलता येत नसे. तिने सांगितलं, की तुझ्या बाजूचं काही उरलं नाही. इथून पुढे मालकीण जगेल ती धाकट्याच्या मुळांवर.

वाटणीच्या वेळी वीतभर जमिनीवरून दादाने पंचांना तीनदा परत पाठवलं होतं. थोरलीने डोळे मिटले. आता काय ऐकावं लागणार, म्हणून ती श्वास रोखून उभी राहिली.

"पण जगेल ना?" दादाने विचारलं.

"जगेल."

"मग झालं," तो म्हणाला, आणि तिथेच, चिखलात, मांडी घालून बसला. बसला तो रडायलाच लागला, बायकापोरांसमोर, मोठ्याने, जसा तो बापाच्या वेळीही रडला नव्हता. थोरलीला या माणसाचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. पुढे होऊन त्याचे डोळे पुसावेत असं तिला वाटलं, पण ती थांबली, कारण तो बोलायला लागला होता, आणि आत्याला मध्ये न घालता.

"बाळ, मला इथे येऊन हिला पाणी घालू देशील का?"

बाळ कमरेच्या दोराची गाठ सोडायला लागला, सुटेना म्हणून पुन्हा बांधायला लागला.

"हळू घाल. तुझा हात जड आहे."

दादाने मान हलवली. धाकट्या भावाचं त्याने मुकाट्याने ऐकून घेतलेलं थोरली लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच बघत होती.